थाळीशिवाय नंगारा

मी फुकट काही शिकलो नाही आणि फुकट कोणाला काही शिकवत नाही. स्टेजवरही हे सांगतो. लोक हसतात, मी हसत नाही.

संबळ शिकवणाऱ्या कळंबच्या म्हाताऱ्याच्या कौलारू घरावरचे कवेलू मी फेरून दिले. सनईच्या बदल्यात एकाच्या म्हशी राखल्या. लोहारा गावच्या कारखान्यात पाळी संपली की ढोलकी मढवणाऱ्याचं दुकान झाडायचो, तेव्हा कुठे त्यानं ढोलकीला हात लावू दिला. डफडं तेवढं घरचं. बाकी प्रत्येक वाद्याचा मी सौदा केला, आणि त्यात मला कोणी गंडवलं नाही.

नंगारा शिकलो पुसदकडच्या बंजारा तांड्यावर. तिथले गोर काका पितळेची थाळी वाजवायचे. नंगारा त्यांच्या जोडीदाराचा. तो वारला तेव्हापासून नंगारा भिंतीशी पालथा पडलेला. काकांना दोन्ही येत होतं, पण नंगाऱ्याला दोन हात लागतात आणि थाळी त्याच वेळी वाजावी लागते. नंगारा मनाला येईल तिकडे भटकतो, थाळी ठेक्याची जागा सोडत नाही, म्हणून त्याला परत येता येतं. एकाच माणसाला दोन्ही येत असून उपयोग काय?

"शिकवतो," काका म्हणाले, "पण लोकायसमोर नंगारा वाजवशीन तवा बाजूले माही थाळी पाहिजे."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

मी लगेच हो म्हणालो. काकांनी विचारलं, "काहून रे बाबू, आज घासाघीस नाही केली? काही गडबड हाय का?"

मला वाटलं होतं, स्वस्तात पडलं.

पुढे माझं नाव झालं ते एकटा आठ वाद्यं वाजवतो म्हणून. ते मीच पसरवलं. आपला माल आपणच खपवावा लागतो. यवतमाळच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं तेव्हा बॅनरवर माझा भला मोठा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, एक माणूस, आठ वाद्यं. काका सकाळच्या एसटीनं आले. धुतलेलं धोतर, डोक्याला लाल पागोटं, काखेत दुपट्ट्यात गुंडाळलेली थाळी.

आयोजकानं विचारलं, "हे कोण?"

"थाळी वाजवतात."

"तुम्हाला नाही येत थाळी?"

"येते."

"मग झालं की. बॅनर पाहा ना. दुसरा माणूस दिसला की सगळी मजाच गेली."

"साहेब, नंगाऱ्याले दोन हात लागतात. थाळी संगच वाजते. मले तिसरा हात नाही."

"मग आधी नंगारा वाजवा, नंतर थाळी."

मी त्याला विचारलं, घरी भाकर सकाळी आणि भाजी संध्याकाळी खाता काय. त्याला राग आला, पण पाहुणे यायची वेळ झाली होती. त्यानं भाव वाढवला. बाबांना पहिल्या रांगेत बसवतो म्हणाला. मग शाल-श्रीफळ देतो म्हणाला. शेवटी म्हणाला, पडद्यामागे बसून वाजवू देत, माईक लावून देतो.

"बसतो ना मी पडद्यामांगं," काका म्हणाले. "आवाज त येईन."

मी जवळजवळ मानलं होतं, हेही सांगतो. मग आठवलं, सौद्यात बाजूला ठरलं होतं, मागे नाही. मी म्हणालो, "काका, तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

सात वाद्यं वाजवली. सनईला टाळ्या आल्या, डफड्याला शिट्ट्या. निवेदिकेनं नंगाऱ्याचं नाव पुकारलं. मी नंगारा पालथा घातला, दोन्ही काड्या त्याच्यावर ठेवल्या आणि माईक घेतला.

"हे वाद्य अर्धं वर आहे, अर्धं पहिल्या रांगेत बसलंय. त्याला वर बोलवा, मग वाजवतो."

थोडे लोक हसले, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. आयोजक बाजूच्या दारातून दात दाखवत आला आणि माझ्या कानाशी बोलला, "नंतर बोलू."

"आताच बोलू."

"पाहुणे बसले आहेत हो."

"काकाही बसलेच आहेत."

मी मांडी घालून बसून राहिलो. विंगेत नाचाच्या मुली घुंगरू बांधून तयार होत्या. शेवटी पडदा पडला आणि निवेदिकेनं सांगितलं की तांत्रिक कारणामुळे एक वाद्य होऊ शकलं नाही. तांत्रिक कारण पागोटं बांधून पहिल्या रांगेत बसलं होतं.

एसटी स्टँडवर चहा संपल्यावर काका म्हणाले, "येडा हायेस तू. पडद्यामांगून वाजवलं असतं त कोनाचं काय गेलं असतं?"

"तुमचं."

"मंग मी तुले सौद्यातून सोडला. वाजव एकटा, नाव कमाव."

"मी नाही सोडला. सौद्याले दोघं लागतात."

त्यांनी थाळीवरचा दुपट्टा घट्ट आवळला आणि म्हणाले, "शाल तरी घ्याची होती बे. थंडी पडून राह्यली."

तेव्हापासून जिल्ह्यात माझं दुसरं नाव झालं आहे. भांडकुदळ म्हणतात, डोक्यात हवा गेली म्हणतात. म्हणू देत. ही मंडळी आम्हाला लोककलावंत म्हणतात आणि बॅनरवर एकाच तोंडाला जागा ठेवतात. संबळाला तुणतुणं लागतं, सनईला सूर धरणारा लागतो. मला आठ वाद्यं येतात, याचा अर्थ आठ जणांच्या बाजूला बसायची माझी लायकी आहे. एकट्यानं आठ जणांच्या जागा अडवाव्यात, असा त्याचा अर्थ मी कधी काढला नव्हता. त्यांनी काढला, आणि तोही माझ्याच फुशारकीवरून. ते मला अजून डाचतं.

यंदा त्याच आयोजकाचा फोन आला. आवाज गोड होता. म्हणाला, पडदा थोडा बाजूला सरकवता येईल, बाबा अर्धे दिसतील.

मी सांगितलं, तेव्हा फक्त बाजूची जागा मागत होतो, तेव्हाच द्यायची होती. आता भाव वाढला आहे. काका माझ्या बाजूला बसतील, आणि बॅनरवर त्यांचं नाव माझ्या आधी येईल.

"हे जरा जास्त होतंय," तो म्हणाला.

"मग विचार करा," मी म्हणालो. "होळीला आम्ही तांड्यावर दोघं वाजवणारच आहोत. मला घाई नाही."