उशीच्या उंचीची खिडकी

बहरीनच्या माहूज भागातल्या त्या जुन्या घरात कुसुमबाई बावीस वर्षं राहिल्या. कणकवलीजवळच्या गावातून कामाला आल्या तेव्हा नवरा जाऊन वर्षच झालं होतं आणि लहानगा विनीत आजोळी होता. तिथे घरच्या मालकिणीला 'मामा' म्हणतात हे कळल्यावर त्यांना आठवडाभर हसू आवरलं नव्हतं.

घर समुद्रातून काढलेल्या प्रवाळाच्या दगडांचं. गिलावा उडाला की आत शिंपले दिसायचे. मधे उघडा चौक, चौकात डाळिंबाचं झाड, आणि छताला खारफुटीचे वासे. पुढे मालकीण जमीला नव्या घरी गेल्या, कुसुमबाई तिथेच ईसा टाउनला, नोकरीला लागलेल्या विनीतकडे आल्या आणि त्या घराला कुलूप लागलं.

यंदा डिसेंबरात जमीलांचा फोन आला. घराची दुरुस्ती चालली होती, पण एका भिंतीपाशी काम अडलं होतं.

"माका माहूजाक घेऊन चल," कुसुमबाई विनीतला म्हणाल्या.

"आये, गुडघे दुखतत मगे?"

"दुखांदेत."

विनीत त्यांना दारात सोडून गेला. चौकात जमीला काठी टेकून उभ्या होत्या. शेजारी हिना, दुरुस्ती पाहणारी तरुण आर्किटेक्ट. ती त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेली. तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर एक छोटी खिडकी होती. वर गिलाव्याला तडा गेलेला.

"आंटी, ही मूळ घरातली नाही," हिना हिंदीत म्हणाली. "इतक्या खाली खिडकी कोण ठेवतं? भिंत कमजोर झाली असेल. बुजवून टाकावी म्हणते."

"ही झाली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते," जमीला म्हणाल्या. "काय झालं ते हिलाच ठाऊक."

कुसुमबाईंनी पदर खोचला, भिंतीला धरत खाली बसल्या आणि त्या धुळीतच आडव्या झाल्या. हिना घाबरली.

"तू पण झोप गं," त्या म्हणाल्या.

हिना शेजारी आडवी झाली. खिडकी आता बरोबर डोळ्यांसमोर आली. चौक, डाळिंबाचा बुंधा, त्याखाली ऊन.

"यांच्या सासूबाई, मसूदाअम्मा, दोन वर्षं इथे गादीवर पडून होत्या. कूस बदलली की समोर नुसती भिंत. एकदा मला म्हणाल्या, कुसुम, मला मरायच्या आधीच पुरलंय. साहेब, म्हणजे यांचे यजमान, म्हणाले, भिंत फोडायची नाही. मग ते दुबईला गेले तेव्हा मी इथेच कामाला असलेल्या आमच्या गावच्या दाजी गवंड्याला बोलावलं. साहेब परत आल्यावर खूप ओरडले. मग आत येऊन आईचा चेहरा बघितला आणि म्हणाले, राहू दे."

"पण वरच्या दगडांचा भार?"

"दाजीने वर वासा घातलाय. मीच धरला होता एका बाजूने."

हिनाने कामगाराला हाक मारली. त्याने तड्याजवळचा गिलावा हलक्या हाताने खरवडला. आत खारफुटीचा काळपट वासा निघाला, कुठे कीड नाही की वाक नाही. तडा फक्त गिलाव्यालाच होता. हिनाने नकाशावरची खिडकी बुजवायची खूण खोडली. "खलास, ठरलं. खिडकी राहणार," ती म्हणाली आणि तशी नोंद करायला बाहेर गेली.

जमीला दारातच होत्या. सासू गेल्यापासून त्या या खोलीत फारशा आल्या नव्हत्या.

"माझ्याबद्दल काही बोलायच्या का?" त्यांनी हळूच विचारलं. "माझ्याशी तर कधी धड बोलल्या नाहीत."

कुसुमबाई उठून बसल्या. "इथून माणसं दिसत नाहीत, मामा, नुसते पाय दिसतात. तुमचे पाय त्या लांबूनच ओळखायच्या. म्हणायच्या, जमीला आज पाय ओढतेय, दमली असेल. मी सांगितलं म्हणू नकोस, पण तिला जरा बसव. म्हणून मी तुम्हाला चहा आणून द्यायचे."

जमीलांनी त्या खिडकीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला लावून त्या खाली बसू लागल्या. कुसुमबाईंनी त्यांना दंडाला धरलं. दोघी म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसल्या. विनीत चारला न्यायला आला, त्याला गाडीत तासभर थांबावं लागलं.