कॅमेऱ्यात नसलेली बाई

फुटेज तिसऱ्यांदा लावताना मी ऑफिसातला पंखा बंद केला. मला आवाज नीट ऐकायचा होता.

स्क्रीनवर म्हसवडहून आटपाडीकडे येणारा रस्ता. भर दुपार. दोन्ही बाजूंना करपलेला माळ, पुढे जुन्या चिंचांची दाट रांग. रस्ता पार मोकळा. माणूस नाही, मेंढरू नाही. आणि एकदम ड्रायव्हरचा आवाज येतो, "आगं ए, सर की बाजूला!" मग ब्रेक करकचतात आणि गाडी रस्ता सोडून कडेच्या चारीत जाते.

कॅमेरा तरीही चालूच होता. दार उघडल्याचा आवाज आला. ड्रायव्हर समोर आला, गुडघे टेकून गाडीखाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला. मग त्या रिकाम्या जागेला तो हाका मारायला लागला. "ताई... ओ ताई..."

मी मोटार सर्व्हेअर. इन्शुरन्सचा क्लेम आला की गाडी बघायची, मालकाने सांगितलेली हकिगत आणि मोडतोड जुळते का ते तपासायचं, रिपोर्ट द्यायचा. ऑफिस सांगलीत, पण आटपाडी, जतपर्यंतचा सगळा कोरडा टापू माझ्या वाट्याला. लोक आम्हाला सर्रास थापा मारतात. कुत्रं आडवं आलं, ट्रकनं दाबलं, म्हैस उधळली. डॅशकॅम आल्यापासून माझं डोकं जरा शांत असतं. पुढच्या काचेला आतून चिकटवलेला हा छोटा कॅमेरा, गाडी सुरू झाली की रस्ताही टिपतो आणि आतलं बोलणंही. त्याच्यापुढे थाप टिकत नाही.

इथे सगळं उलटंच होतं. माणूस स्वतःच्या पायाने पोलीस ठाण्यात गेला होता आणि सांगत होता, मी एका बाईला उडवलं. कॅमेरा सांगत होता, बाई नव्हतीच.

माणसाचं नाव विलास. आटपाडीजवळच्या गावातला, एका शाळेची बस चालवणारा. गाडी स्वतःची, नवी कोरी. डॅशकॅम फौजेतल्या मेव्हण्याने भेट दिलेला. त्या दिवशी आईला घेऊन तो म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळात गाडीची पूजा करून परत येत होता. आई मागे डावीकडे बसलेली. तिला काहीच दिसलं नव्हतं. पोलिसांनी चिंचांच्या आजूबाजूचं रान पालथं घातलं. विलासची दारूची टेस्टही केली. कशातच काही निघालं नाही.

आमच्या मॅनेजरांना घाई होती.

"मॅडम, डुलकी लागली असं लिहा आणि फाइल क्लोज करा."

"डुलकी लागलेला माणूस कुणाला बाजूला सर म्हणतो का?"

"मग भास झाला लिहा. डोक्याचा प्रॉब्लेम."

मला संताप आला. भास झालेल्या ड्रायव्हरच्या हातात कोण पोरं देईल? शाळेने बसची किल्ली आधीच काढून घेतली होती. इन्शुरन्सवाले काय म्हणतात ते बघू आणि मग ठरवू, असं त्याला सांगितलं होतं. म्हणजे माझ्या एका ओळीवर त्याची भाकरी. मी मॅनेजरांना म्हटलं, गाडी दुरुस्त होऊन री-इन्स्पेक्शन, म्हणजे माझी दुसरी तपासणी, होईपर्यंत थांबा. त्यांनी फोन आपटला.

मी विलासच्या घरी गेले. चांगला धिप्पाड गडी, पण डोळे खोल गेलेले. अंगारा लावलेला. गावातल्या लोकांचं म्हणणं होतं की त्या चिंचांपाशी बुजलेली विहीर आहे, तिथे आसरा आहेत, टळटळीत दुपारी तिथून कुणी जात नाही. आसरा म्हणजे पाण्यातल्या बायका, आमच्याकडे त्यांना भिऊन असतात. विलासचं दुखणं मात्र वेगळंच होतं. ती आसरा असली तर बरंच, असं तो म्हणाला.

"हिरवं लुगडं हुतं. तोंड न्हाई दिसलं. नुसती हुबी हुती, गाडीकडं बघत. मी ब्रेक दाबला आन् ती खाली गेली. मॅडम, कुणाची तरी आई आसंल ओ. घरी वाट बघत आसतील."

रोज दुपारी तो सायकलवरून त्या जागी जात होता. काय बघायला, ते त्यालाही सांगता येईना. आई मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली की पोरगं खोटं बोलणारं नाही, पण मग मला कशी दिसली नाही? तिच्या डोळ्यांत पोराविषयीची भीती होती. आईला असं पोराला भिताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिथून गॅरेजला गेले. बंपर, रेडिएटर, खालचा पत्रा, सगळं चारीत जाण्याशी जुळत होतं. पुढची काच शाबूत. डॅशबोर्डवर वस्तू घसरू नयेत म्हणून घातलेलं रबरी मॅट होतं, त्यावर हळदीकुंकू सांडलेलं आणि एसीच्या जाळीत अक्षता. नव्या गाडीत हे असायचंच. मी पुढे गेले.

शेवटी जागेवर जाऊन आले. दुपारचीच वेळ. कडेच्या फुफाट्यात एकाच माणसाच्या चपलांचे ठसे होते. गोल गोल. एकावर एक. हा बिचारा रोज येऊन इथेच घिरट्या घालत होता. वारा पडलेला, चिंचांखाली काळोखी सावली. मी काही भित्री बाई नाही, पण फोटो काढून झाल्यावर तिथे घटकाभरही थांबले नाही. झटकन गाडीत बसले, फाइल डॅशबोर्डवर टाकली आणि गाडी सावलीच्या दिशेने काढली.

आणि समोर रस्त्यात एक पिवळी पाटी उभी राहिली.

मी दचकून ब्रेक मारला. पाटी वगैरे काही नव्हतं. माझी पिवळी फाइल होती, काचेत. गाडीची पुढची काच तिरकी असते. त्यामुळे डॅशबोर्डवर आडवं ठेवलेलं काचेत उभं दिसतं, आणि काचेपलीकडे रस्त्यात उभं असल्यासारखं वाटतं. एरवी उजेडात ते लक्षातही येत नाही, आणि मागच्या सीटवरून तर दिसतच नाही. पण डॅशबोर्डवर कडक ऊन आणि समोर काळोखी सावली असली की आरशासारखं स्पष्ट. गाडी सावलीत शिरली, डॅशबोर्डवरचं ऊन गेलं की ते गायब. बघणाऱ्याला वाटणार, गाडीखाली गेलं.

मग कॅमेऱ्याला का नाही दिसलं? तर चांगल्या डॅशकॅमच्या भिंगावर एक गोल फिल्टर असतो, उन्हातल्या गॉगलसारखा. काचेवरचं प्रतिबिंब खोडायलाच तो बसवतात. विलासच्या कॅमेऱ्याला तो होता. विलासच्या डोळ्यांना कुठून असणार?

मी गाडी वळवली आणि तडक त्याच्या घरी. आईला विचारलं, म्हसवडला पूजा झाल्यावर डॅशबोर्डवर काय ठेवलं होतं?

"तितल्या देवीच्या वटीतला खण आन् नारळ," ती म्हणाली. "हिरवा खण. लांब घडी करून म्याच ठिवला, उशाला नारळ. ऐतवारपातूर हलवायचा न्हाई म्हणून त्येला बजावलं हुतं. गाडी पडल्यावर उचलून देवाम्होरं आणला."

मी काच, ऊन, सावली सगळं समजावलं. तिने देवापुढच्या खणाकडे बघितलं.

"म्हंजी म्याच केलं व्हय?"

"मावशी, खण ठेवायला कुणीच ना म्हणणार नाही. काच अशी फसवते हे कुणी तुम्हाला सांगितलंच नव्हतं."

विलासने सगळं ऐकून घेतलं, पण त्याला ते पटलं नाही. मला शहाणपण शिकवू नका, मी तिला बघितलंय, एवढंच म्हणाला आणि सायकल काढून गेला.

गाडी दुरुस्त झाल्यावर री-इन्स्पेक्शनच्या दिवशी मी त्याला जवळजवळ ओढूनच नेलं. स्टिअरिंगला हात लावायला तो तयार नव्हता, म्हणून मी चालवायला बसले. आईने त्याच खणाची तशीच घडी घालून तशीच ठेवली, उशाला नारळ. म्हसवडच्या बाजूने आम्ही निघालो. चिंचा दिसायला लागल्या तशी विलासने मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले.

आणि ती उभी राहिली.

हिरवी, बारीक, सरळ. तोंड नसलेलं गोल डोकं. गाडीच्या अगदी पुढ्यात. मला सगळं माहीत होतं हो. खण माहीत, काच माहीत, ऊन कुठून येतं तेही माहीत. तरी मी किंचाळले आणि ब्रेकवर उभी राहिले. सावली अंगावर आली आणि ती गाडीखाली गेली.

विलासने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं.

"दिसली?"

"दिसली," मी म्हणाले.

धाय मोकलून रडला तो गडी. अपघातापासून त्याला हवा होता तो शब्द एवढाच होता, काचेचं शास्त्र नव्हतं. रडणं ओसरल्यावर मी गाडी मागे उन्हात घेतली आणि त्याला माझ्या जागी बसवलं. खणावर हात धरला की बाई जायची, हात काढला की यायची. पाच-सहा वेळा त्याने स्वतः करून बघितलं. मग खण उचलून कपाळाला लावला, आईच्या मांडीवर दिला आणि गाडी आटपाडीपर्यंत तोच घेऊन आला.

क्लेम पास झाला. शाळेने किल्ली परत दिली. री-इन्स्पेक्शनचं फुटेज मी रिपोर्टला जोडलं होतं. मॅनेजरांचा फोन आला, "मॅडम, रस्ता तर मोकळा दिसतोय. किंचाळतंय कोण?" मी म्हटलं, "मीच. आता माझ्याही डोक्याचा प्रॉब्लेम लिहा."

डॅशकॅम जरूर बसवा. पण डॅशबोर्डवर देवाचं असो की घरचं, काही ठेवू नका. त्या रस्त्याने मी अजून जाते, माझा डॅशबोर्ड लख्ख मोकळा असतो. तरी चिंचा जवळ आल्या की मी हॉर्न वाजवते. कुणी उभी असलीच, तर सरेल बाजूला.