मला नाही, सुमनअक्कांना विचारतात

पेशंट मनातला खरा प्रश्न मला का विचारत नाहीत? मंडळी, आजचाच प्रसंग सांगते.

जळगावात मूल होण्यासाठीच्या उपचारांच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. घरातली पहिली पदवीधर. आज भडगावकडचं जोडपं आलं होतं. चार वर्षं तपासण्या फक्त बायकोच्या झाल्या, नवरा बाहेर गाडीजवळ उभा. शेवटी त्याचीही तपासणी झाली आणि अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. मी तक्ता दाखवून सगळं समजावलं.

"काही शंका?"

"नाही, मॅडम."

पाच मिनिटांनी मी बाहेर आले, तर हाच माणूस आमच्या दवाखान्यातल्या आयाबाई सुमनअक्कांजवळ बसून अहिराणीत बोलत होता.

"अक्का, मायले काय सांगू? ती तर मन्ही बायकोलेच वांझ म्हनस."

"खरं शे ते सांग. शिरा बिघडेल शेतस भाऊ, तू नही."

"ऑपरेशन करं तर पोर व्हईच ना?"

"ते मॅडमले इचार. त्यास्ले बठ्ठं माहीत शे."

मला सगळं माहीत आहे म्हणत अक्कांनी मान दिला, तरी मी जळलेच. शेजारी बसून सांगितलं, की खात्री कुणीच देऊ शकत नाही, पण काहींना ऑपरेशनचा फायदा होतो. मग त्याने मलाही भराभर प्रश्न विचारले. निघताना म्हणाला, "पुढल्या खेपेले मायले लई येसू." आईला घेऊन येणार, हे सांगितलं तेही अक्कांकडे बघून!

तुम्हालाही कामावर कुणाचा असा हेवा वाटतो का? माझा अजून गेलेला नाही. पण संध्याकाळी डॉक्टरांना विचारून मी माझ्या केबिनमधलं टेबल बाहेर काढलं आणि त्या जागी अक्कांची खुर्ची मांडली.