चिनी आजीबाईची शिष्या

शहागंजातून जाहेदाआपा माझ्या गाडीत बसल्या की सिल्लोड मागं पडेपर्यंत चिनी आजीबाईचा तोंडाचा पट्टा चालायचा. आजीबाई म्हणजे मोबाईलवरचं ऑडिओबुक. पोरांना झोपवायच्या गोष्टी, सगळ्या चिनीत, पडद्यावर नुसती चित्रं, मधे अर्थाचा एक शब्द नाही. झोप मात्र मला यायची, आणि गाडी मीच चालवत असायचो.

आपा अजिंठ्याच्या गाईड. हिंदी, इंग्रजी, मराठी सगळं फर्डं. पण चिनी बोलणारे पाहुणे आले की दिल्लीहून वेगळा गाईड यायचा आणि आपा लेण्याबाहेर पायरीवर बसून राहायच्या. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं होतं.

"आपा, अर्थ तरी बघा की," मी कावून म्हणायचो.

"लेकरू अर्थ बघून बोलाया लागतंय का, बद्रीभाऊ? कान भरू द्या आधी."

त्यांचे भरले का माहीत नाही, माझे किटले. दोन उन्हाळे असेच गेले.

मग एकदा दिल्लीचा गाईड आजारी पडला. तैवानची मंडळी, सगळी पेन्शनीतली, हॉटेलात येऊन बसलेली. एजन्सीचे मालक काकासाहेब आपांना म्हणाले, "जमलं तर पुढचे सगळे चिनी पाहुणे तुमचे. नाय जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाय."

आपा लगेच हो म्हणाल्या. लेण्यांच्या पायथ्याच्या फर्दापूरपर्यंत माझ्या शेजारी बसून पुटपुटत होत्या; पारख करायला काकासाहेबही मागं बसले होते. जिवंत चिनी माणसाशी त्या आजवर एक शब्द बोललेल्या नव्हत्या.

सतरा नंबरच्या लेण्यात मीही मागोमाग शिरलो. हत्तीच्या चित्रापुढं त्यांनी तोंड उघडलं आणि मला घाम फुटला. चिनी बोलत होत्या, पण ती थेट आजीबाईची. हेल काढून, बोट नाचवून, हत्तीला जाड आवाज, पाखराला बारीक. सत्तरीच्या माणसांपुढं मधेच थांबून डोळे मोठे करून विचारायच्या, "मग काय झालं?" एवढं चिनी आता मलाही कळत होतं.

एक बाई फसकन हसली. मग सगळेच हसायला लागले. काकासाहेबांनी कपाळाला हात लावला. आपांचा चेहरा उतरला, पण थांबल्या नाहीत. थांबून करणार काय, त्यांच्याकडं दुसरं चिनी होतंच कुठं?

आंधळ्या आईला भरवणारा हत्ती राजाच्या माणसांनी धरून नेला. तिथं तो चाऱ्याला सोंड लावीना. "मग काय झालं?"

हसू थांबलं होतं. कुणीतरी हळूच उत्तर दिलं. पुढच्या वेळी सगळे एका सुरात ओरडले, बालवाडी भरावी तसे. दोघी बायका खाली बसल्या, पाठोपाठ सगळेच फतकल मारून बसले. हत्ती सुटून आईकडं परतला तेव्हा एवढ्या टाळ्या पडल्या की पहारेकरी दटावायला आला.

बाहेर आल्यावर एका म्हाताऱ्यानं आपांचा हात धरला आणि कितीतरी वेळ बोलत राहिला. आपा डोळे पुसायला लागल्या तसे काकासाहेब घाबरले.

"काय तक्रार हाय का?"

"नाही साहेब. म्हणतात, आई गेल्यापासून त्यांच्याशी असं कुणी बोललंच नाही. उद्या वेरूळलाही मीच पाहिजे म्हणतात."

काकासाहेबांनी तिथंच दिल्लीला फोन लावला आणि त्या गाईडच्या पुढच्या तारखा रद्द करून टाकल्या. आपांचं तिकडं लक्षच नव्हतं.

"बद्रीभाऊ," त्या माझी बाही ओढत म्हणाल्या, "त्यांचं बोलणं समजलं मला. पूरा समजलं."

एवढा आनंद मला पोरगी दहावी पास झाली तेव्हाही झाला नव्हता.