ताईची सोनोग्राफी

बारामतीच्या एका कॉलेजात मी माशांच्या भ्रूणांवर संशोधन करत होते. झेब्रा मासा करंगळीपेक्षाही लहान असतो, पण त्याचं अंडं इतकं पारदर्शक की आतला मेंदू घडताना भिंगाखाली दिसतो. कुठलं जनुक कधी चालू व्हायचं, हे काही प्रथिनं ठरवतात. त्यातलं एक प्रथिन मी अंड्यात बनूच देत नसे. मग त्या पिल्लाचा पुढचा मेंदू तयार व्हायचा नाही, हृदय मात्र धडधडत राहायचं.

त्याच वर्षी वडगाव निंबाळकरला दिलेली माझी थोरली बहीण पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला आली. मी सोबत होते. पडद्यावर बाळाच्या डोळ्यांच्या वर काहीच नव्हतं. डॉक्टरीणबाई बोलायच्या आधीच मला कळलं. ताई मात्र ठोके ऐकून हसत होती.

गर्भ काढावा लागला. आठवड्यानं ती कन्हेरीला माहेरी आली आणि मला म्हणाली, "तू माशाच्या मेंदूचंच शिकतीस न्हवं? मग माझ्या बाळाचं आसं कशानं झालं?"

"ताई, ते नेमकं कुणालाच सांगता येत न्हाय."

"माझंच कायतरी चुकलं आसंल."

"न्हाय गं, तुझं काय बी चुकलं न्हाय."

तिला ते पटलं नाही. अजूनही ती त्या महिन्यांत काय काय खाल्लं, किती ओझं उचललं, ते आठवून सांगत बसते. इतकी वर्षं शिकूनही तिची समजूत पटेल असं एक वाक्य मला सापडलेलं नाही.