दादाच्या गाडीचं तेल

पहाटे हैदराबाद सोडलं तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. दादाची ही गाडी मी आठ दिवसांसाठी म्हणून नेली आणि तीन महिने ठेवून घेतली; आता ती परत द्यायला निघालो होतो. दादाचा डावा पाय लहानपणापासून अधू आहे. क्लच नसलेल्या या वीस वर्षांच्या ऑटोमॅटिक गाडीशिवाय त्याला एकट्याने बाहेर पडता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

हिंगणघाटच्या अलीकडे इंजिन नुसतं ओरडू लागलं, वेग वाढेना. कशीबशी एका गॅरेजपाशी आणली. बंडूभाऊ मेकॅनिकने इंजिन चालू ठेवूनच गिअरच्या तेलाची पट्टी उपसली, पांढऱ्या फडक्यावर पुसली, हुंगली.

"जळलं नाई अजून. पण लय पातळ हाय. कोन्तं टाकलं?"

"माहीत नाही," मी खोटं बोललो.

"गाडीचं पुस्तक दाखवा."

कप्प्यातलं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर दादाच्या अक्षरात तेलाचा क्रमांक होता. खाली लिहिलं होतं, 'हेच टाकणे.'

मग कबूल केलं. परत देताना निदान ताजं तेल तरी असावं म्हणून मीच आदल्या आठवड्यात दुकानातलं सगळ्यात नवीन तेल टाकून घेतलं होतं.

"नव्या गाडीचं तेल या बुढीले काऊन पाजलं? फल्लीचं (शेंगदाण्याचं) टाकलं असतं तं चिवडा तरी झाला असता!"

त्यांनी निघेल तेवढं तेल काढलं, पुस्तकातल्या क्रमांकाचं भरलं, गाडी फिरवून आणली, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. तोवर मी टपरीवर तर्री (झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. दादाचा फोन आला. उचलला नाही.

"आता जाईन बराबर," बंडूभाऊ म्हणाले. "पण जोर नोका देऊ."

बोरगाव मेघेत दादा फाटकातच उभा होता. गाडीत बसला, कोपऱ्यापर्यंत जाऊन आला.

"तेल बदललं काऊन रे?"

मी सगळं सांगितलं. तो बाहीने स्टिअरिंग पुसत राहिला.

"तीन महिने दवाखान्यात ऑटोरिक्षानं गेलो. जमते. उतरताना तेवढा दुसऱ्याचा हात लागते."

संध्याकाळी त्यानेच मला वर्धा स्टेशनवर सोडलं. गिअर बदलल्याचं कळतही नव्हतं.

"गाडी न्यायले नोको येऊ," तो म्हणाला. "असाच येजो."

घरी येऊन आठवडा झाला. काल फोन केला. गाडीचं विचारणार होतो, पण तोंडून निघालं, "दादा, तू कसा आहेस?"

इतक्या वर्षांत मी हे विचारलंच नव्हतं.

"गाडी चांगली हाय," दादा म्हणाला.