दहाव्याचं हक्कसोडपत्र

केंदूरच्या माझ्या मंगलआत्याचा जमिनीतला हिस्सा गेल्या मार्गशीर्षात, आजोबांच्या दहाव्याला, घाटावरच गेला. पिंडाला कावळा शिवेना. तेव्हा शिरूर कोर्टातले आमचे वकीलसाहेब कपाळाला बुक्का लावत म्हणाले, "मंगल, आबांचा जीव जमिनीत अडकलाय गं. हिस्सा सोडते म्हण, मग बघ कावळा." आत्या रडत "सोडते" म्हणाली. साहेबांनी हक्कसोडपत्र टाइप करूनच आणलं होतं. सवयीनं कपाळाला लावून पुढं केलं. पेन माझ्या वडिलांनी दिलं.

काल साहेबांचंच दहावं झालं. कुटुंबवत्सल, धर्मपरायण, अशी तासभर भाषणं झाली. कावळा त्यांच्याही पिंडाला शिवेना. पण त्यांच्या मुलांना "हिस्सा सोडतो म्हणा" असं कुणी सांगितलं नाही.

तुमच्या घरच्या दहाव्याला असा कागद निघाला, तर बहिणीला पेन देऊ नका.